‘पण’ म्हणायचं न्हाई

राहू गावच्या शिवारात दिवाळी सरली की गुऱ्हाळं पेटतात. हौसरावांचं गुऱ्हाळ शाळेच्या कुंपणाला लागूनच होतं. चरकाची घरघर वर्गात ऐकू यायची आणि पोरांची प्रार्थना काहिलीपाशी. चुलवाणाच्या धुराड्यातला धूर वाऱ्यानं वळला की शाळेच्या पटांगणात गोड वास पसरायचा आणि पोरांची पाढ्यातली ओळ चुकायची.

गुऱ्हाळ चालवणारी टोळी उत्तर प्रदेशातली, शामलीकडची. तिचा गुळव्या ओमपाल. पाक कधी उतरवायचा ते तोच ठरवायचा. काहिलीतला थेंब पाण्यात सोडून बोटांनी चिमटायचा आणि हात वर करायचा. मग सगळी धावून काहील उचलायची. हौसरावांकडं तो सहा हंगाम येत होता. गुऱ्हाळावर त्याला कुणी नावानं हाक मारत नसे. तो भैय्या, त्याची बायको भैय्यीण आणि पोरगी भैय्याची.

ही पोरगी, पारुल, त्या वर्षी शाळेत आली ती जॉयसबाईंमुळं. बाई शिरूरच्या, मिशनच्या शाळेत शिकून मास्तरीण झालेल्या. नवरा ब्लेसन कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टला, म्हणून बिऱ्हाड केडगावात. पहिली-दुसरीचा वर्ग त्यांच्याकडं होता. एके सकाळी चिपाडाच्या ढिगाऱ्यावर खेळणारी पोरगी दिसली, तशी त्यांनी स्कूटी तिथंच उभी केली, ओमपालशी बोलल्या आणि पोरीला बरोबर घेऊनच शाळेत आल्या.

पारुलला मराठी थोडं यायचं, गुऱ्हाळावर ऐकून ऐकून. पहिल्याच दिवशी खिचडीच्या पंगतीत ती मोकळी जागा बघून बसली, ती नेमकी स्वराजशेजारी. स्वराज म्हणजे हौसरावांचा नातू, दुसरीत. आणि हौसराव शाळेच्या समितीचे अध्यक्ष. स्वराज तिच्याकडं बघून म्हणाला, “ए भैय्याची, मागं बस.” ती हलली नाही, तसा त्यानं पायानं तिचं ताट सरकवलं. खिचडी सतरंजीवर सांडली. पोरं हसली.

जॉयसबाई रागावल्या नाहीत. आधी पारुलला दुसरं ताट वाढलं, मग स्वराजला बाजूला घेऊन विचारलं, हे असं बोलायला कुठं शिकलास. तो सरळ म्हणाला, “आबा तसंच म्हणत्यात.” बाईंनी आबांविषयी अवाक्षर काढलं नाही. सतरंजी मात्र त्याच्याकडूनच पुसून घेतली, आणि शेजारी बसून स्वतःही पुसली.

दुसऱ्या दिवशी परिपाठ झाल्यावर त्यांनी पोरांना एक खेळ शिकवला. माफीचा. समोरच्याच्या पुढं जाऊन उभं राहायचं. त्याच्या तोंडाकडं बघायचं. त्याचं खरं नाव घ्यायचं. आपण काय केलं ते स्वतःच सांगायचं. मग विचारायचं, आता मी काय करू? आणि सगळ्यात अवघड म्हणजे, मध्ये ‘पण’ म्हणायचं नाही. ‘मी तुला ढकललं, पण तू आधी चिडवलंस,’ असं म्हटलं की बाद, पुन्हा पहिल्यापासून.

पोरांना खेळ फारच आवडला. आठवडाभर शाळेत माफीची लाट आली. पेन्सिल मोडली म्हणून माफी, न मोडता माफी. पहिलीतल्या एकीनं शाळेच्या दारातल्या शेळीची माफी मागितली, आणि शेळीचं खरं नाव माहीत नाही म्हणून बाईंकडं रडत आली. स्वयंपाक करणाऱ्या सुलक्षणावहिनी एका पोराला भात वाढायला विसरल्या, तर सगळी पंगत त्यांच्याकडं बघत राहिली. शेवटी हसत त्यासुद्धा हातातला डाव घेऊन त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. ‘पण’ न म्हणता सगळं नीट म्हणाल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

एकट्या स्वराजनं कुणाचीच माफी मागितली नाही. घरी मात्र त्यानं सांगितलं, की बाई भैय्याच्या पोरीची माफी मागायला लावतात. हौसराव पटका गुंडाळतच शाळेत आले. त्यांनी बाईंना सुनावलं की, शाळा पाढे शिकवायला आहे, मालकाच्या पोरानं कुणापुढं वाकायचं ते शिकवायला नाही. आणि हे असंच चालणार असेल तर बदलीसाठी तालुक्याला सांगणं त्यांना जड नाही.

जॉयसबाईंनी खुर्ची पुढं केली. “मी लावत नाही, आबा,” त्या म्हणाल्या. “माफी लावून मागता येत नाही. त्याला वाटलं तर मागेल.”

तेवढ्यात पारुल तांब्या-भांडं घेऊन आली. पाहुण्याला पाणी देण्याची त्या दिवशी तिची पाळी होती. “आबा, पानी घ्या,” ती म्हणाली. हौसरावांनी तिच्याकडं न बघता पाणी घेतलं, आणि समितीच्या बैठकीत बघतो म्हणत निघून गेले.

स्वराजला माफी मागावीशी वाटली ती बाईंमुळं नव्हे, लगोरीमुळं. पारुलचा नेम असा होता की तिचा चेंडू लगोरीला लागला नाही असं व्हायचंच नाही. ज्या गटात ती, तो गट जिंके. स्वराजचा गट रोज हरे. एका दुपारी तो चिंचेखाली तिच्यापुढं जाऊन उभा राहिला, म्हणाला, आमच्याकडून खेळ. तिनं चेंडू मागं लपवला. “पहले खेल वाला बोल,” ती म्हणाली. “माफीचं.”

तो बराच वेळ चपलेनं माती उकरत राहिला. मग तिच्या तोंडाकडं बघून म्हणाला, “पारुल. मी तुझं ताट लाथाडलं. तुला नावानं हाक मारली न्हाई.” आणि एका दमात, “आता मी काय करू?”

तिनं विचार केला. “रोज मेरा पत्थर उठा,” म्हणाली. म्हणजे लगोरी फुटली की दगड गोळा करायचे ते त्यानं. बाईंनी हे खिडकीतून पाहिलं आणि त्या मुद्दामच बाहेर आल्या नाहीत. त्या दिवसापासून स्वराज दगड गोळा करत पळायचा आणि त्याचा गट जिंकायचा. घरात तो पारुल अशी म्हणाली, पारुलनं तसं केलं, एवढंच बोलायचा. हौसराव ऐकून न ऐकल्यासारखं करत. आज्जी, साखरबाई, मात्र जास्तीचं एक वाळूक त्याच्या दप्तरात घालू लागली.

थंडी वाढली. उसाला चांगली गोडी आली. गुऱ्हाळ पहाटेपासून चाले. अशा ऐन भरात ती गोष्ट घडली.

सकाळी उसाचा ट्रॅक्टर आला आणि ट्रॉलीचं चाक चारीत रुतलं. हौसराव तिकडून ओरडले, “ए भैय्या, हिकडं ये, हात लाव.” ओमपालनं काहिलीकडं बोट दाखवलं, पाक जवळ आला होता. हौसरावांनी पुन्हा आवाज चढवला. मालक बोलावतो म्हटल्यावर तो गेला. चाक निघेपर्यंत वेळ गेला. चुलवाणात चिपाड टाकणाऱ्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं. ओमपाल परत धावला तेव्हा वास आधी आला. काहिलीत शिजत आलेलं सगळं आधण करपलं होतं, काळं, कडू.

हौसराव काहिलीपाशी आले. बाजारात राहूच्या गुळाला भाव आहे तो रंगावर, आणि त्या काळ्या लगद्याकडं बघून त्यांचं डोकं फिरलं. त्यांनी ओमपालच्या गळ्यातला गमछा ओढून काढला, काठावर सांडलेल्या पाकावर टाकला आणि पायाखाली धरून त्या गमछ्यानंच फरशी पुसली. बरोबर तोंडाला येईल ते बोलत होते. ओमपालच्या जातीवर, मुलखावर, आईवर.

शाळेला निघालेली दोन्ही पोरं दप्तर पाठीवर घेऊन तिथंच उभी होती. पारुल बापाकडं बघत होती आणि स्वराज आजोबांकडं.

ओमपाल मागं वळला. काहिलीतलं फावडं काढलं, पाण्यानं धुतलं, कुडाला उभं केलं. मग आपल्या खोपटापुढं जाऊन बसला. त्याच्यामागं एकेक करून सगळी टोळी गेली. चरक थांबला. चुलवाणातला जाळ आपोआप बसत गेला, आणि किती तरी दिवसांनी शाळेतल्या पोरांना आपलाच आवाज मोठा वाटला.

हौसरावांना वाटलं, दुपारपर्यंत येतील वळणावर. कुणी आलं नाही. तोडलेला ऊस अंगणात पडून होता, आणि तोडलेला ऊस थांबत नाही. रस आटतो, गूळ बसत नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच कामाला लागले. सून अनिता चरकात ऊस घालायला, गडी खंडू चुलवाणावर, स्वतः काहिलीवर. वाफेनं त्यांचे डोळे चुरचुरले, फावडं ओढून खांदे भरून आले. साखरबाई दोनदा चहा घेऊन आली आणि दोन्हीदा कप तसाच परत नेला. संध्याकाळी गूळ निववायच्या वाफ्यात ओतलेला पाक सकाळपर्यंत थबथबीतच राहिला. ढेप उचलायला गेलं की हाताला लोंबायची. अनितानं पदर तोंडाला लावला. ती हसतेय हे सगळ्यांना कळलं.

मग त्यांनी खंडूकरवी नवाकोरा टॉवेल पाठवला, दुकानातल्या घडीसकट. टॉवेल घडीसकट परत आला. ओमपालनं निरोप धाडला होता की, पलीकडच्या शिवारातला एक गुऱ्हाळवाला बोलवायला येऊन गेलाय, सोमवारी सामान हलवतो. हौसराव खंडूवरच डाफरले. मग सोप्यात येरझारा घालत राहिले.

पारुल शाळेत आली नाही. लगोरीचे दगड तसेच पडले. शुक्रवारी स्वराज जेवला नाही. साखरबाईनं जवळ घेतलं तर म्हणाला, पारुल सोमवारी जाणार. हौसराव समोरच पान लावत होते. त्यांचा हात थांबला, एवढंच.

संध्याकाळी ते स्वराजला घेऊन चिपाडाच्या ढिगामागं गेले. इकडं तिकडं पाहिलं. मग उगाच एक कांडकं सोलत विचारलं, “तुमच्या बाईंचा तो खेळ कसा असतो रं?”

“कंचा?”

“तोच. माफीचा.”

स्वराज एकदम मास्तर झाला. चिपाडावर चढून बसला, म्हणाला, मी ओमपालकाका, तुम्ही उभं ऱ्हावा. हौसराव उभे राहिले. मान खाली घालून सुरुवात केली.

“आबा, खाली न्हाई बघायचं. तोंडाकडं.”

त्यांनी वर पाहिलं. सात वर्षांच्या पोराच्या डोळ्यांकडं बघून सुद्धा त्यांना घाम फुटला. “ओमपाल,” ते म्हणाले. सहा हंगामांत हे नाव त्यांच्या तोंडातून पहिल्यांदाच निघत होतं. “त्या दिवशी तुला बोललो ते चुकलं, पण आधण तर तुझ्या—”

“बाद,” स्वराज म्हणाला. “ ‘पण’ म्हणायचं न्हाई.”

“आरं पण—”

“ह्येबी बाद.”

पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा ‘पण’ आला नाही, पण ‘तरीसुद्धा’ आला. स्वराजनं जरा विचार करून तोही बाद केला. अंधारायला लागलं तेव्हा हौसराव चिपाडात बसकण मारून म्हणाले, की बाजार समितीच्या सभेत दोन तास बोललो तरी इतकं दमायला होत नाही. स्वराज त्यांच्या पाठीवर थोपटत म्हणाला, “जमंल, आबा. शेळीवालीलाबी आधी जमत नव्हतं.”

शनिवारी सकाळी हौसराव टोळीच्या खोपटांकडं निघाले. पटका बांधला नव्हता. ओमपाल चुलीपाशी हात शेकत होता, बायको भांडी पोत्यात भरत होती. टोळीतली माणसं उठून उभी राहिली. पुन्हा काही होणार असं त्यांना वाटलं. अनिता आणि खंडू लांब कुडापाशी थांबले. स्वराज मात्र आबांचं धोतर धरून सोबत आला होता.

हौसराव ओमपालसमोर उभे राहिले. तोंडाकडं पाहिलं.

“ओमपाल,” ते म्हणाले. खाकरले. “मी तुला कामावरनं उठवला. तवा आधण करपलं. ते माझ्यामुळं. मी तुझा गमछा पायाखाली घातला. तुझ्या आईला बोललो. लेकीदेखत बोललो.” ओठ पुढच्या शब्दासाठी हलले. स्वराजनं धोतर ओढलं. तो शब्द त्यांनी गिळला. “आता मी काय करू, सांग.”

चुलीतलं लाकूड तडतडलं. पंचक्रोशीतला मालक असं बोलतो हे ओमपालनं कधी ऐकलं नव्हतं. त्यानं बायकोकडं पाहिलं. ती पोत्यात भरायला घेतलेला तवा हातात धरून तशीच उभी होती. पारुलनं त्याच्या कानात काही सांगितलं. बहुतेक, की खेळात समोरच्यानं काहीतरी करायला सांगायचंच असतं.

ओमपाल म्हणाला, “नाम से बुलाना. सबको.” मग टोळीकडं बघून, ओठाच्या कोपऱ्यात हसत म्हणाला, “और आज का पहला आधण... चुलवाण आप सम्हालो, आबा. मैं बोलूंगा, उतना ही डालना.”

टोळीतला एक पोरगा फिसकन हसला आणि मग घाबरून गप्प झाला. खंडू पुढं सरकला, मी करतो म्हणाला. हौसरावांनी त्याला हातानं मागं सारलं आणि सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या.

चरक सुरू झाला. वाळत चाललेला ऊस आधी घेतला. रस काहिलीत पडला, तो निवळायला भेंडीचं पाणी घातलं, मळी वर आली. हौसराव चुलवाणाच्या तोंडाशी बसून चिपाडाची वेटोळी आत सारत होते. ओमपाल वरून सांगे, “आबा, जास्त,” की ते सारत; “आबा, बस,” की थांबत. एकदा ते आपल्या मनानं सारायला गेले, तशी पारुलच मधे बोलली, “बापूने बोला नहीं अभी.” त्यांनी चिपाड परत खाली ठेवलं. मिश्या राखेनं पांढऱ्या झाल्या, पाठ भिजली, धोतराचं टोक करपलं.

शनिवारची शाळा लवकर सुटली. चरकाचा आवाज ऐकून सगळी पोरं कुंपणाच्या फटीतून गुऱ्हाळात घुसली आणि चुलवाणावरच्या आबांना बघून रांगेत उभी राहिली. जॉयसबाईंची स्कूटीही मागून आली. त्या लांबच थांबल्या.

ओमपालनं थेंब पाण्यात सोडला, चिमटला, हात वर केला. काहील उचलली. वाफ्यात पाक पडला तो केळ्याच्या सालीसारखा पिवळा. अनितानं पोरांच्या ओंजळीत पळसाच्या पानांवर गरम काकवी दिली. बोटं भाजत, फुंकत, चाटत सगळी एकमेकांना दाखवत होती. शेळीवाल्या पोरीचं पान उलटलं आणि काकवी हौसरावांच्या पायावर सांडली. ती लगेच पुढ्यात येऊन उभी राहिली. “आबा, तुमचं खरं नाव काय?” तिनं विचारलं. हौसरावांनी सांगितलं, आणि तिनं सगळं रीतसर म्हणून टाकलं. आता मी काय करू, म्हणाली तेव्हा त्यांनी तिला अजून एक पान आणायला लावलं.

मग ते राखेच्या हातानंच बाईंकडं गेले. बदलीचं बोललो होतो ते मनात धरू नका, म्हणाले. “बाई, तुमचा तो ‘पण’चा धडा लई वंगाळ. घाम काढला माझा.”

“मलाही अजून येत नाही, आबा,” जॉयसबाई म्हणाल्या. “काल ब्लेसनशी भांडण झालं. माझे चार ‘पण’ झाले. त्यांनी मोजले.”

हौसराव असे हसले की चुलवाणापाशी झोपलेलं कुत्रं उठून लांब गेलं. बाईंना त्यांनी काकवीची बाटली दिली, आणि ब्लेसनरावांना सांगा, म्हणाले, आमच्याकडं या एकदा, आपण दोघं बसून शिकू.

सोमवारी खोपटं तशीच होती. पारुल शाळेत आली. गुऱ्हाळावर नावं घ्यायला लोकांना वेळ लागला. हौसरावांची जीभ रोज सकाळी घसरायची. अर्ध्या हाकेत थांबायचे, खाकरायचे आणि पुन्हा नव्यानं हाक मारायचे. टोळीला त्याची मजा वाटायची. भै... ओमपाल, असं टोळीतली माणसं आपसात एकमेकांना हाका मारून हसायची.

चुलवाण सांभाळलं त्या शनिवारी मात्र हौसराव घरी आले ते पार दमून. अंघोळ करून स्वयंपाकघरात आले, भिंतीला टेकून बसले. साखरबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. स्वराज ताट घेऊन बसला होता. अनितानं पाण्याचा तांब्या ठेवला आणि सासऱ्यांनी आज कसा जाळ घातला ते पुन्हा एकदा सांगून हसली. हौसरावही हसले. म्हणाले, एवढ्या वयात काय काय शिकायची पाळी आली.

साखरबाईनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि मागं न बघताच म्हणाली, “गुऱ्हाळावरचं झालं. आता माझ्याम्होरं कवा उभं ऱ्हाताय?”

हौसराव गोंधळले. सुनेकडं पाहिलं, तर ती तोंड फिरवून उभी. नातवाकडं पाहिलं. त्यानं ताट खाली ठेवलं आणि सावरून बसला.

“नाव घ्यायचं, आबा,” तो हळूच म्हणाला. “खरं.”

हौसराव उठले. चुलीपाशी गेले. जन्मभर ‘अगं’ आणि ‘ऐकलं का’ यावर संसार केलेला माणूस. चुलीच्या उजेडात तिनं मान वर केली, तशी त्यांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं.

“साखर,” ते म्हणाले, आणि लग्नातल्यासारखे लाजले. तीही लाजली, पण हातातलं पीठ सोडलं नाही. मग त्यांनी डोकं खाजवलं. “काय काय केलं ते समदं सांगायचं म्हंजी... सुरवात कुठनं करू?”

“मांडवापासनं करा,” साखरबाई म्हणाली आणि दुसरी भाकरी थापायला घेतली. “आज पीठ बक्कळ मळलंय.”